शिक्षकाचे समाधान : साथीच्या दोन वर्षांतील

प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव परिचयाचा असतो. पहिलीच्या वर्गातील एखादे मूल दिवाळीपर्यंत सुटी अक्षरे ओळखू लागते. पण ती एकमेकांस जोडावयाची म्हटले की गोंधळते. क, म आणि ळ ही तिन्ही अक्षरे ते निरनिराळी म्हणते. कमळ मात्र त्याला दिसत नाही. मग एखाद्या साध्याशा दिवशी, फळ्याकडे पाहता पाहता, ते मूल तो शब्द एका दमात वाचून जाते आणि मान वळवून बाईंकडे किंवा गुरुजींकडे पाहते. त्या पाहण्यात आश्चर्य असते, आनंद असतो आणि ‘बरोबर ना?’ असा प्रश्नही असतो. शिक्षक मान हलवतो. एवढेच घडते. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. तथापि वीस-पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या शिक्षकाला, तो या पेशात का टिकून राहिला असे विचारले, तर तो फिरून फिरून अशाच एखाद्या प्रसंगाकडे येतो.

सन २०२० च्या मार्च महिन्यात कोविडच्या साथीने शाळांची दारे बंद केली, तेव्हा मुलांचे शिक्षण थांबल्याची चर्चा सर्वत्र झाली. आणि ती होणे योग्यच होते. शिक्षकाचे काय हरवले, याचा विचार मात्र फारसा झाला नाही. ‘त्यांना काय, घरी बसून पगार मिळतो,’ हे वाक्य त्या काळात पारावर आणि बाजारात सर्रास ऐकू येत असे. त्या वाक्यात तथ्य किती होते व अन्याय किती होता, हे साथ ओसरल्यानंतर आता शांतपणे पाहावयास हरकत नाही. हा प्रश्न शिक्षकाच्या मनःस्थितीपुरता मर्यादित नाही. ज्याला आपल्या कामात समाधान लाभत नाही, अशा शिक्षकाच्या वर्गात तीस-चाळीस मुले बसलेली असतात आणि त्याच्या मनाची मरगळ त्यांच्या पाटीपर्यंत पोचते.

नोकरीतील समाधान म्हणजे काय, यासंबंधी फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. पिट्सबर्गच्या परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांना त्यांनी विचारले, की तुम्हांला आपले काम विशेष आवडले तो प्रसंग कोणता, आणि विशेष नकोसे झाले तो कोणता? १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी या उत्तरांचा निष्कर्ष मांडला. पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक आणि नियमांचा जाच यांत उणीव पडली, की माणूस असमाधानी होतो; परंतु या सर्व गोष्टी व्यवस्थित असल्या म्हणजे तो समाधानी होतोच असे नाही. समाधानाचा उगम निराळा असतो. तो प्रत्यक्ष कामात, काही साधल्याच्या जाणिवेत आणि स्वतःवर सोपवलेल्या जबाबदारीत असतो. पुढे १९७५ साली डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने शिक्षकांच्या पेशाविषयी लिहिताना हीच गोष्ट अधिक नेमकेपणाने सांगितली. शिक्षकाची सर्वांत मोठी कमाई मानसिक असते, आणि आपले शिकवणे मुलापर्यंत पोचले असे जेव्हा त्याला जाणवते तेव्हा ती त्याच्या पदरी पडते, असे त्याचे प्रतिपादन होते.

या दोन विचारांच्या प्रकाशात साथीची दोन वर्षे पाहिली म्हणजे त्या काळाचा वेगळाच अर्थ दिसू लागतो. बाजारातल्या त्या वाक्यात ज्या पगाराचा उल्लेख होता, तो असमाधान टाळणारा होता. समाधान देणारी जी गोष्ट, म्हणजे मुलाचा चेहरा, तीच नेमकी नाहीशी झाली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड ही जागतिक महामारी असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्याच्या मध्यास महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक येथील शाळा बंद झाल्या आणि २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी पुकारण्यात आली. वार्षिक परीक्षा न होताच मुले वरच्या वर्गात गेली. पुढे मोठ्या मुलांच्या शाळा मधून मधून उघडल्या. परंतु लहानांची पाळी सर्वांत शेवटी आली. कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग २५ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाले. महाराष्ट्रातील ग्रामीण भागात पहिली ते चौथीच्या वर्गांना १ डिसेंबर २०२१ रोजी परवानगी मिळाली आणि जानेवारीत पुन्हा काही आठवडे कुलूप लागले. गोव्यातील प्राथमिक वर्ग २०२२ च्या फेब्रुवारीत भरले. ज्या वयात शिक्षकाचा सहवास सर्वांत आवश्यक, त्याच वयाची मुले त्याला सर्वांत दीर्घकाळ पारखी झाली.

शिक्षणाचा धागा तुटू नये म्हणून प्रयत्न झाले, हे नाकारता येणार नाही. महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने दररोजचा अभ्यास मोबाईलवरून पाठवला जाऊ लागला. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ज्या गुरुजींनी तोपर्यंत मोबाईलचा उपयोग बोलण्यापलीकडे केला नव्हता, त्यांनी उतारवयात चित्रफिती तयार करण्याची कला आत्मसात केली. स्वयंपाकघरातील भिंतीवर फळा टांगून, खिडकीशी मोबाईल बांधून, घरातल्या मुलाला ‘बोलू नकोस’ अशी खूण करीत अनेक बाईंनी बेरजेचे धडे दिले. नवीन काही जमल्याचा आनंदही कित्येकांना त्यातून लाभला.

परंतु धडा पाठवल्यानंतर पुढे काय होई? पडद्यावर दोन निळ्या खुणा उमटत. संदेश पोचला, एवढे त्यावरून कळे. तो कोणी पाहिला, मुलाने की त्याच्या थोरल्या भावाने, हे कळत नसे. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ अहवालासाठी सप्टेंबर २०२० मध्ये ग्रामीण भारतात पाहणी झाली. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. म्हणजे दहा मुलांतील जवळजवळ चार मुलांच्या घरी तो नव्हताच. आणि घरी असणे म्हणजे मुलाच्या हाती असणे नव्हे. फोन वडिलांबरोबर सकाळी शेतावर किंवा कामावर जाई आणि रात्री परत येई, तोवर मुलाचे डोळे मिटलेले असत. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्यास मिळालेली मुले साधारण तिसरा हिस्सा भरली. उरलेली मुले गुरुजींच्या हजेरीपटावर होती, पण त्यांच्या दृष्टीच्या टापूत नव्हती.

ज्याने कधी लहान मुलांना शिकवले नाही, त्याला या स्थितीतील ताण सहजासहजी कळणार नाही. वर्गात शिक्षक बोलत असतो, तेव्हा त्याचे निम्मे लक्ष चेहऱ्यांवर असते. कोणाच्या कपाळाला आठी पडली, कोणाची नजर खिडकीबाहेर गेली, कोण उपाशी आले आहे, हे पाहून तो आपले वाक्य बदलतो आणि थांबलेले उदाहरण पुन्हा सांगतो. पडद्यासमोर बसल्यावर हे सर्व बंद झाले. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तशी त्याची अवस्था झाली. काम कमी झाले नव्हते. उलट वेळी-अवेळी येणाऱ्या संदेशांमुळे, भराव्या लागणाऱ्या माहितीमुळे आणि पाठवाव्या लागणाऱ्या छायाचित्रांमुळे ते वाढले होते. मात्र दिवसाच्या अखेरीस आज काय साधले, याचे उत्तर हाती लागत नव्हते.

याच काळात शिक्षकाकडे दुसरी अनेक कामे आली. तपासणी नाक्यांवर वाहनांची नोंद घेणे, रेशनच्या दुकानापुढील रांगा सांभाळणे, घरोघर जाऊन सर्वेक्षण करणे, पोषण आहाराचा तांदूळ व कडधान्ये पालकांना मोजून देणे, ही कामे त्याने केली. कित्येक गावी शाळेच्या इमारतीतच विलगीकरण कक्ष उघडले. ज्या खोलीच्या भिंतीवर पाढे आणि ऋतुचक्र रंगवले होते, तेथे परगावाहून आलेली माणसे चौदा दिवस राहू लागली आणि त्यांच्या नोंदवहीची जबाबदारी मुख्याध्यापकांवर आली. शिक्षक गावातील प्रत्येक घर ओळखतो आणि लोक त्याच्या शब्दाला मान देतात, म्हणून ही निवड झाली असावी. त्यात कित्येकांना सेवेचे समाधान मिळालेही. पण त्याची किंमतही मोठी होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात पंचायतीच्या निवडणुका झाल्या, त्या कामानंतर मृत्यू पावलेल्या १,६२१ शिक्षक व शालेय कर्मचाऱ्यांची यादी तेथील शिक्षक संघटनेने प्रसिद्ध केली. आरंभी शासनाने हा आकडा मानला नाही. पुढे निकष बदलून कुटुंबीयांना साहाय्य देण्याचे ठरले.

अशा वेळी सावित्रीबाई फुले यांचे नाव आदराने घेतले जाते. १८४८ साली पुण्यात मुलींच्या शिक्षणास वाहून घेतलेल्या या शिक्षिकेने प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा केली, त्यातच त्यांना रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांचे स्मरण उचितच आहे. मात्र ते करताना एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. सावित्रीबाईंनी तो मार्ग स्वेच्छेने पत्करला होता. नाक्यावर उभा केलेला शिक्षक हुकमाने उभा होता, आणि पुष्कळदा पुरेशा साधनांवाचून उभा होता. काम तेच असले तरी स्वतः निवडलेल्या जोखमीतून जे समाधान येते, ते नेमून दिलेल्या जोखमीतून येत नाही. म्हणून योद्धा ही पदवी मिळूनही शिक्षकाचे मन त्या काळात रितेच राहिले असेल, तर त्याला कृतघ्न म्हणता येणार नाही.

येथे शिक्षकांच्या आणखी एका वर्गाचे स्मरण केले पाहिजे. पारावरचे ते वाक्य ज्यांना मुळीच लागू पडत नव्हते, ते विनाअनुदानित व खाजगी शाळांतील शिक्षक. पालकांचे उत्पन्न बुडाले, शुल्क थकले आणि त्याबरोबर या शिक्षकांचे वेतन प्रथम निम्मे आणि मग पुष्कळ ठिकाणी बंद झाले. कोणी भाजी विकली, कोणी शेतमजुरी केली, कोणी रोजगार हमीच्या कामावर गेले. तेलंगण शासनाने एप्रिल २०२१ मध्ये खाजगी शाळांतील शिक्षकांना व कर्मचाऱ्यांना दरमहा २,००० रुपये व २५ किलो तांदूळ देण्याचे जाहीर केले. हे साहाय्य निश्चितच उपयोगी पडले. पण ते द्यावे लागले यावरून परिस्थिती कोठवर गेली होती हे दिसते. समाधान कामातूनच येते हे खरे असले, तरी घरातील धान्याचा डबा रिकामा असताना त्या समाधानाच्या गोष्टी कोणी सांगू नयेत. पगार समाधान देत नसेल; पण त्याच्या अभावी समाधानाला उभे राहावयास जमीनच उरत नाही.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहू. मोबाईल पोचत नाही असे ध्यानात आल्यावर काही शिक्षकांनी स्वतःच मुलांकडे जावयाचे ठरवले. कर्नाटकात ऑगस्ट २०२० मध्ये ‘विद्यागम’ ही योजना सुरू झाली. शाळा बंद असली तरी शिक्षकांनी वस्तीवर जावे, मंदिराच्या आवारात, समाजमंदिरात किंवा झाडाखाली थोडी थोडी मुले अंतराने बसवून शिकवावे, अशी ती कल्पना होती. बेळगावच्या परिसरातील मराठी शाळांचे शिक्षकही या योजनेत होते. मध्य प्रदेशात जुलै २०२० पासून ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ हा उपक्रम चालला. सकाळी ठरल्या वेळी घरातच थाळी किंवा घंटा वाजवून मुलाने अभ्यासास बसावे, आकाशवाणीवरील पाठ ऐकावा आणि शिक्षकाने घरोघर संपर्क ठेवावा, असे त्याचे स्वरूप होते. गोव्यात सत्तरी व सांगे यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत मोबाईलला संपर्क मिळावा म्हणून मुले टेकडीवर जाऊन बसत. अशा गावांत छापील अभ्यासाचा कागद घेऊन दारी येणारा शिक्षकच अधिक भरवशाचा ठरला. महाराष्ट्रातही ओट्यावरच्या शाळा, गल्लीतल्या शाळा, भिंतीवर अक्षरे रंगवून चालवलेल्या शाळा ठिकठिकाणी निघाल्या.

या कामात सुख कोणते होते? पायपीट होती, पावसाळा होता, तोंडाला पट्टी होती आणि घरातील वृद्ध माणसांपर्यंत आपण रोग तर नेत नाही ना, ही टोचणी होती. तरीही अशा शिक्षकांनी सांगितलेल्या हकीकतींत एक उल्हास आढळतो, जो पडद्यासमोर सुरक्षित बसलेल्यांच्या बोलण्यात सहसा आढळला नाही. ‘मुले वाट पाहत होती,’ हे चार शब्द त्या सर्व हकीकतींत समान आहेत. जोखीम अधिक, सोयी कमी आणि समाधान मात्र जास्त, असा हा उलटा हिशेब आहे. हर्झबर्ग आणि लॉर्टी यांचे म्हणणे गल्लीतल्या ओट्यावर असे प्रत्ययास आले. जेथे शिक्षकाला मूल डोळ्यांनी दिसले आणि कसे शिकवावे हे ठरवण्याची मोकळीक मिळाली, तेथे साथीतही त्याचे मन टवटवीत राहिले.

याला मर्यादाही होत्या. रोगाचा प्रसार वाढला, शिक्षक व मुले यांना बाधा झाल्याच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ‘विद्यागम’ स्थगित करावी लागली. पुढे २०२१ च्या आरंभी ती सुधारित स्वरूपात पुन्हा सुरू झाली. केवळ उत्साहापोटी कोणाचा जीव धोक्यात घालता येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तसेच सर्वच शिक्षक वस्तीवर गेले असेही नाही. काही खरोखरच घरी बसले. संदेश पुढे ढकलण्यापलीकडे त्यांनी काही केले नाही. पण त्यांनाही या दोन वर्षांत सुख लाभले असेल असे वाटत नाही. न केलेल्या कामाचा पगार माणसाला काही काळ गोड लागतो. पुढे तो स्वतःच्याच नजरेला नजर देऊ शकत नाही.

शाळा उघडल्या तेव्हा शिक्षकांपुढे जे दृश्य उभे राहिले, ते यापूर्वी कोणत्याही पिढीतील शिक्षकाने पाहिले नव्हते. जून २०२० मध्ये ज्याचे नाव पहिलीत दाखल झाले, ते मूल २०२२ च्या जूनमध्ये तिसरीत आले. आणि यादरम्यान ते वर्गात बसले होते जेमतेम काही आठवडे. हातात तिसरीचे पुस्तक आणि तोंडी बाराखडीही पुरी नाही, अशी कितीतरी मुले समोर होती. ‘असर’च्या २०२२ च्या अहवालातील आकडे हेच सांगतात. ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ साली २७.३ टक्के होती. ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. पाचवीत हेच प्रमाण ५०.५ वरून ४२.८ टक्क्यांवर उतरले. शिक्षकाच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ असा, की वर्षानुवर्षे रचलेली भिंत मध्येच खचली होती आणि वरचे थर रचावयाची घाई मात्र कोणी थांबवणार नव्हते.

आणि तरीही त्या दिवसांत शाळेतून परतणाऱ्या शिक्षकांचे चेहरे उजळले होते. काम दुप्पट झाले होते, पण काम समोर होते. तिसरीतील मूल पहिलीचा शब्द वाचताना अडखळत असे. मात्र ते कोठे अडखळते हे आता दिसत होते, आणि जे दिसते त्यावर उपाय करता येतो.

साथीच्या या दोन वर्षांतून प्राथमिक शिक्षणासाठी घेण्याजोगा धडा येथेच आहे. त्या काळात निरुपायाने स्वीकारलेली कित्येक साधने आता कायमची झाली आहेत. माहिती तातडीने भरा, दुवा उघडा, छायाचित्र पाठवा, असे आदेश साथ गेल्यानंतरही शिक्षकाच्या मोबाईलवर येत राहिले. साधनांचा राग धरण्याचे कारण नाही. योग्य ठिकाणी ती उपकारकच आहेत. परंतु शिक्षक फळ्याकडे वळलेला असताना त्याच्या खिशातील मोबाईल वाजतो आणि तो वर्ग सोडून माहिती भरू लागतो, तेव्हा साथीने जे हिरावले होते तेच आपण पुन्हा, कोणताही रोग नसताना, हिरावून घेत असतो. शिक्षकाला वेळेवर वेतन मिळावे, मुलांबरोबरचा त्याचा वेळ अखंड राहावा आणि त्या वेळात काय करावयाचे यासंबंधी त्याच्यावर विश्वास टाकावा, या तीन गोष्टी झाल्या तर त्याच्या समाधानासाठी सत्कारसमारंभांची गरज पडणार नाही.

कमळ हा शब्द प्रथमच वाचणारे मूल मान वळवून पाहते, तेव्हा शिक्षक तेथे असला पाहिजे, आणि त्याचे लक्ष त्या मुलाकडे असले पाहिजे.